खंडेनवमीचा पंखा

पसरणीच्या घाटात मी स्वतःच्या गाडीला लाथा घालायचो. जुनी अँबेसिडर होती, वाईहून पाचगणीला भाड्यानं चालवायचो. अर्ध्या घाटात रेडिएटर उकळायचा, पाहुणेमंडळी उतरून दरी बघत उभी राहायची आणि मी टोपण उघडताना हात भाजून घ्यायचो. एकदा तर कोपरापर्यंत सालटं निघालं. त्या दिवशी पान्हा उचलून पुढच्या काचेवर मारणार होतो, पण काच माझीच होती.

राग आमच्या रक्तातच. वडील पलटणीतून हवालदार होऊन आलेले, तिथंही गाड्याच चालवायचे. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. त्यांचा हात आधी बोलायचा, तोंड मागून. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. मी दोनदा भरतीला गेलो आणि पाय सपाट म्हणून दोन्ही वेळा परत आलो. आण्णांनी ते चारचौघांत सांगायचं कधी सोडलं नाही. मग धाकटा भाऊ पहिल्याच झटक्यात निवडला गेला. दिवाळीनंतर त्याला ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं. आण्णांनी पेढे वाटले. मला भावाचा हेवा वाटला, कशाला खोटं बोलू?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाडीचा मूळचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन जितकं फिरेल तितकाच तो फिरणार. घाटात ट्रकच्या मागं रांगत चढताना वाऱ्याची खरी गरज असायची, आणि नेमका तेव्हाच तो ढिला पडायचा. सांगलीत माधवनगरच्या बाजूला एक इलेक्ट्रिशियन अशा गाड्यांना विजेचा पंखा बसवून देतो असं कळलं. गेलो. त्यानं पट्ट्यावरचा पंखा उतरवला आणि भंगारातला एक लोखंडी पात्यांचा पंखा रेडिएटरला बसवला.

"चावीवर घिऊ का डायरेक्ट बॅटरीवर?" त्यानं विचारलं.

वर पोचून गाडी बंद केली की पाणी जास्तच उसळायचं. मी म्हटलं, डायरेक्ट घ्या.

"मग ध्यानात ठेवा. गाडी बंद असू द्या, चावी खिशात असू द्या, पाणी तापलं की ह्यो आपला आपण फिरणार. घरात समद्यास्नी सांगून ठेवा."

येताना मी मुद्दाम घाट चढून आलो. गाडी एकदाही उकळली नाही. वर एकट्यानंच चहा प्यायलो आणि गाणं म्हणत घरी आलो.

आण्णांनी डिकीतला जुना पंखा बघितला. "कुणाला इचारून काढलास?" म्हणाले, आणि मी तोंड उघडायच्या आत कानफटात बसली. मी सत्तावीस वर्षांचा होतो. बायको दारात उभी होती. "पट्ट्याचा पंखा इमानदार. इंजिन बंद तर ह्यो बंद. तुला लय कळतंय व्हय रं?"

सांगायची जागा तीच होती. पण कान तापला होता, बायकोनं बघितलं होतं, आणि भाऊ मान खाली घालून हसला असं मला वाटलं. मी ब्र काढला नाही. मनात म्हटलं, विचारतील तेव्हा सांगेन, नाही विचारलं तर गेले उडत.

चार दिवसांनी खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि गाडी घेतल्यापासून गाडीही. सकाळी पाचगणीचं भाडं होतं, परत यायला दुपार झाली. पूजा माझ्यासाठी खोळंबलेली, आण्णा खवळलेले. गाडी अंगणात लावली, चावी खिशात टाकली आणि हौदावर पाय धुवायला गेलो. भावानं बॉनेट उघडलं. आण्णा ताट धरून शेजारी उभे राहिले. बॅटरीला कुंकू लागलं, रेडिएटरला लागलं.

"पंख्याला बी लाव. नवा हाय न्हवं," आण्णा म्हणाले. टोमणा मला होता.

तो मी ऐकला. भावाचा हात आत जाताना बघितला. ओरडायला वेळ होता का, याचा विचार मी पुढं जन्मभर केला. होता. तांब्या खाली ठेवण्याइतका होता. मी पायावर पाणी ओतत राहिलो.

कट् असा बारीक आवाज झाला, मग घरघर, मग भावाची किंकाळी. रक्त झेंडूच्या माळेवर उडालं, आण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडालं. हात बाहेर आला तेव्हा उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाची दोन पेरं नव्हती आणि मधलं बोट कातड्याला लोंबत होतं. बायकोनं धावत येऊन टॉवेल आवळला. पंखा अजून फिरतच होता.

"गाडी बंद हाय, चावी बी न्हाई. मग ह्यो फिरतुया कसा?" आण्णा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला म्हाईत व्हतं."

पूजेतली कुऱ्हाड त्यांनी उचलली. पहिला दांडा खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. मी खाली पडलो. "भावावर जळतोस व्हय रं," म्हणत त्यांनी कुऱ्हाड हातात फिरवली आणि पातं पुढं आणलं.

"आण्णा, दादानं सांगितलं व्हतं," भाऊ ओरडला. "परवाच सांगितलं व्हतं. मीच इसारलो."

आण्णा थांबले. कुऱ्हाड टाकली, वळले, आणि टॉवेलातून रक्त गळत असताना त्याच्या थोबाडीत मारली. "इसारलास? ह्याच बोटानं बंदुकीचा घोडा दाबायचा व्हता तुला!" पुन्हा मारली. मी जमिनीवरून बघत होतो. माझं तोंड शाबूत होतं.

साताऱ्याच्या दवाखान्यात त्याच गाडीनं गेलो. मीच चालवली. वाटेत हळूच विचारलं, खोटं का बोललास.

"मारून टाकलं असतं त्यांनी तुला," तो म्हणाला. "म्होरं बघून चालीव."

मधलं बोटही काढावं लागलं. भरती गेली. दुसऱ्या दिवशी मी घणानं त्या पंख्याचा चुराडा केला, आणि आण्णांनी जुना पंखा स्वतःच्या हातानं परत चढवला. भाऊ पुढं माधवनगरला कापडाच्या मागावर कामाला लागला.

आण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले. कुठल्याही लग्नाकार्यात कुणी भावाच्या हाताचं विचारलं की तेच सांगायचे, "थोरल्यानं बजावून सांगितलं व्हतं, पर ह्याचं ध्यानच न्हाई." भाऊ मान खाली घालून उरलेल्या बोटांनी भात कालवायचा. मी शेजारच्याच पाटावर असायचो. जेवत असायचो.