आतून कुलूप

आमच्या बोरी गावात दिवसा दार लावलेलं दिसलं की येणारा-जाणारा थांबून विचारतो, "काय झालं?" एक तर घरातलं कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर आत मोठं भांडण पेटलेलं असतं. लग्नाकार्याला गावाला जाणारे आधी गल्लीभर सांगून जातात. दार वाजवायची पद्धत तर आमच्याकडं नाहीच. दार वाजवतो तो वीजबिलवाला, नाहीतर मतं मागायला आलेला. आपलं माणूस सरळ आत येतं, चुलीपाशी बसतं आणि मग विचारतं, काय करायलीस?

हे आधी सांगतोय, कारण नर्मदाबाईची सगळी गोष्ट यातच आहे.

माझी पिठाची गिरणी आहे. समोर नर्मदाबाईचं घर, आणि त्याला लागून, मधे एकच भिंत, पार्वतीबाईचं. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर ही दोन दारं. नर्मदाबाई तोंडाची फटकळ. दळण न्यायला आली की मूठभर पीठ चिमटीत घेऊन म्हणायची, "रंगनाथ, ह्याला पीठ म्हणतूस का भरडा? बायकूला बी असंच खाऊ घालतूस का?" आणि दुसऱ्या दिवशी माझ्या त्याच बायकोला वाटीभर सांडगे पाठवायची. नवरा, सटवाजी, ऐन उमेदीत गेला. बाईनं कापूस-सोयाबीन करून पोरगा शिकवला. तो बजरंग परभणीला एका कचेरीत लागला, सविताशी लग्न केलं, तिथंच फ्लॅट घेतला. शेत बटईनं दिलं आणि नर्मदाबाई उंबऱ्यात बसायला मोकळी झाली. समोर सूप, पाठीशी सताड उघडं दार. कोंबडी शिरली, कुत्रं शिरलं, शेजारचं पोर शिरलं, सगळ्यांना शिव्या आणि सगळ्यांना काहीतरी खायला.

पार्वतीबाई कमी बोलायची. सकाळी हाक न मारता आत जायची आणि नर्मदाबाईच्या चुलीवर आपणच चहा टाकायची. त्या घरात साखरेचा डबा कुठं आहे हे बजरंगला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. भांडी तर इतकी मिसळली होती की नर्मदाबाईच्या नावाचे डबे पार्वतीबाईच्या फळीवर आणि तिची पातेली हिच्याकडं. परत करायचा विचार दोघींच्या डोक्यात कधी आला नाही.

मग रस्त्याकडच्या एका मास्तरच्या घरी चोरी झाली. त्यात कुणीतरी उठवलं की रात्री आभाळात ड्रोन फिरतात, चोर घरं हेरतात. गावात मोबाइलवर हीच चर्चा आणि परभणीत बजरंगची झोप उडाली. तो जिंतूरहून वेल्डर घेऊनच आला. आईच्या ओट्याला लोखंडी चॅनल गेट बसवलं, आतून लावायचं कुलूप दिलं, आणि वर कॅमेरा, परभणीत बसून मोबाइलवर दिसणारा. काम बघायला गल्ली जमलेली. पार्वतीबाई सगळ्यांना चहा देत होती. बजरंगनं तिच्या हातातला कप घेतला आणि सगळ्यांदेखत आईला सांगितलं, "घरात असलीस तरी कुलूप पाहिजे. घात वळखीचीच माणसं करतात. कुनालाबी आत घ्यायचं न्हाई."

त्यानं कुणाकडं बघितलं नाही. पण त्या घरात रोज विचारल्याशिवाय जाणारी बाई एकच होती आणि ती कपबश्या गोळा करत होती. मला तिथंच बजरंगच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

"मी घरात असताना कुलूप?" नर्मदाबाई भडकली. "मी काय जनावर हाय व्हय कोंडायला?"

"मग चल परभनीला. हे घर बंद करून टाकतो."

एवढ्या एका गोष्टीला बाई भ्यायची. एकदा चार दिवस फ्लॅटवर राहून आली होती. आल्यावर मला म्हणाली, "तिथं माणसं दाराच्या भोकातनं बघत्यात रे." गल्लीत राहायला मिळावं म्हणून तिनं गल्लीकडं कुलूप लावलं. किल्ली पदराला बांधली. कधी विसरली की फोन यायचा, "आई, गेट उघडं दिसायलंय." जेवलीस का, हे त्या कॅमेऱ्यातून दिसत नसावं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पार्वतीबाई वाटीत अंबाडीची भाजी घेऊन आली. नर्मदाबाईचा जीव अंबाडीवर. पार्वतीबाईनं सवयीनं गेट ढकललं, ते हललं नाही. नर्मदाबाई मागं न्हाणीत होती, कानानं थोडी कमीच. पार्वतीबाईनं हाक मारली नाही. कुलपाकडं बघत उभी राहिली आणि वळून माझ्याकडं आली. "माझ्यासाठीच बसवलंय ते," म्हणाली. वाटी माझ्या गिरणीत ठेवली. "खा तू."

तेव्हापासून येणंजाणं तुटलं.

मी दोघींना समजावून दमलो. नर्मदाबाईला म्हणालो, हाक मारा की तिला. "तिनं का मारू न्हाई? तिचं तोंड शिवलंय?" पार्वतीबाईला म्हणालो, मावशी, तिला पोराचं भ्या हाय. "मग पोरगंच यील तिच्या चहाला." एकीनं वाट बघायची आणि दुसरीनं रुसायचं, मधे एक वीत भिंत. पावसाळा गेला, सोयाबीन निघालं. नर्मदाबाई गजांच्या आत सूप घेऊन बसायची. शिव्या द्यायचीही बंद झाली. माझ्या पिठाला नाव ठेवीना, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

एका दुपारी गिरणीत दळण नव्हतं म्हणून बरं, नाहीतर मला काहीच ऐकू आलं नसतं. पार्वतीबाई ओट्यावरून धावत उतरली, नर्मदाबाईचं गेट धरून गदागदा हलवायला लागली. "नर्मदे! ए नर्मदे!" मग तिनं दगड उचलला आणि कुलपावर घालायला लागली. मी उठतोय तोच माझा फोन वाजला. बजरंग.

"रंगनाथकाका, पारूमावशी आमचं कुलूप फोडायलीय. मला कॅमेऱ्यात दिसायलंय. धरा तिला आधी."

मी फोन खिशात टाकला, पहार घेतली आणि कुलूप मीच तोडलं. नर्मदाबाई न्हाणीच्या दारात पडली होती. खुब्याचं हाड मोडलेलं, पाय वाकडा, हंडा कलंडलेला. हंडा पडल्याचा आवाज आणि मग तिचं कण्हणं पार्वतीबाईनं भिंतीतून ऐकलं होतं. माझ्या खिशात फोन वाजतच होता.

पार्वतीबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. नर्मदाबाईनं डोळे उघडले आणि म्हणाली, "कवाधरनं वाट बघायलेय. कुठं मेली व्हतीस?"

"कुलूप तू लावलंस, नर्मदे."

"तुझ्यासाठी नव्हतं गं ते."

"मग कुनासाठी व्हतं? दुसरं येतंय कोन तुझ्याकडं?"

नर्मदाबाईच्या पदराची किल्ली पार्वतीबाईच्या हातात आली होती, ती तशीच धरून दोघी रडल्या. गाडी येईपर्यंत मी बाहेर उभा राहिलो.

परभणीला ऑपरेशन झालं. तिथून बजरंगनं आईला फ्लॅटवर नेलं, गाव सुटलं ते सुटलंच. अंथरुणातून उठणं नाही. पार्वतीबाईनं थोडे दिवस वाट बघितली, मग माझ्याकडून पत्ता समजून घेतला. अंबाडीची भाजी आणि कण्या करून डबा भरला आणि एसटीनं निघाली. आयुष्यात एकटीनं परभणीला पहिल्यांदा. संध्याकाळी परत आली, तशी मी विचारलं, "भेटल्या का?"

"दार लावलेलं व्हतं."

"मग वाजवायचं की मावशी. बाजूला बेल असती."

"नर्मदीच्या दारात मी वाजवू? परकी हाय व्हय मी?" मग खाली टेकली आणि म्हणाली, "लय येळ उभी ऱ्हायले. कुनी उघडलं न्हाई. डबा ठिवलाय दारात. बघंल ती."

मनात म्हटलं, अंथरुणावरच्या बाईला दारातला डबा कसा दिसेल? पण ती इतकी दमून आली होती की मी नुसता पाण्याचा तांब्या पुढं केला. पुढं कितीतरी दिवस ती मला विचारायची, बजरंगचा फोन आला का, नर्मदीनं भाजी खाल्ली का.

बजरंग आला तो बटईचा हिशोब करायला. गिरणीत खुर्ची ओढून बसला. पार्वतीबाई समोर आपल्या ओट्यावर होती. मी आईची चौकशी केली.

"हाय तशीच. रोज विचारती, पारू आली का, पारू आली का. काय सांगायचं तिला? येतंय कोन? माणसं तोंडापुरतीच असतेत, काका."

मी पार्वतीबाईकडं बघितलं. तिनं मान वर केली होती.

"आन् शहरात बी काय कमी न्हाई," तो पुढं म्हणाला. "मधी कुनीतरी दारात डबाच ठिवून गेलं. भाजी, कण्या. सविता म्हणाली, हात लावू नका, कोन जाणे काय घातलंय. डब्यासकट टाकून दिलं. म्हणून म्हणतो, घरात असलं तरी दार लावूनच बसावं."

"बजरंग," मी म्हणालो, "तो डबा तुझ्या आईचाच व्हता. झाकणावर तिचं नाव कोरलेलं व्हतं. पारूमावशी घेऊन आली व्हती, एसटीनं, एकटी."

ओट्याकडं त्यानं बघितलं, मग माझ्याकडं. माझी समजूत अशी होती की आता तरी हा माणूस उठेल आणि समोर जाईल.

"मग बेल वाजवायची की," तो म्हणाला.

पार्वतीबाई उठली. आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज मला गिरणीत ऐकू आला. भर दुपार होती. बजरंग गेला, ऊन कललं, तरी ते दार उघडलं नाही. येणारे-जाणारे माझ्याकडं थांबून विचारायला लागले, पार्वतीबाईचं दार लावलेलं कसं, काय झालं, कोण गेलं?

मी गिरणी चालू केली. तिच्या आवाजात काही ऐकू येत नाही.