घरातही दुपट्टा

आता माझ्या अकलेचे दिवे किती सांगू तुम्हाला! त्यातला एक सांगते, चहा निवायच्या आत.

माझ्या दोन्ही गालांवर वांग आहे. भाजीचं वांगं नव्हे हो, वांग! तपकिरी डाग. पल्लवीच्या वेळी दिवस गेले तेव्हा आले, ते राहिलेच. आम्ही एकमेकांच्या सवयीचे झालो होतो. मग पल्लवीला मौद्याचं स्थळ आलं, आणि शेजारच्या कुसुमताईंनी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं.

"काहून वं, असं तोंड घेऊन पाहुण्यांसमोर बसशीन? लोक पोरीच्या आधी मायले पाहते!"

झालं! गेले मेडिकलमध्ये. दुकानदाराने एक ट्यूब दिली. "थोडेच दिवस लावा, काकू," म्हणाला.

आणि काय जादू! डाग पुसट, चेहरा उजळ. दूधवाल्याने मलाच विचारलं, "भाभीजी घर में हैं क्या?"

आता सांगा, कोण थांबेल? मी लावतच राहिले. एकदा ट्यूब संपली, तर तोंडाला मिरची फासल्यासारखी आग! नवी आणून लावली की थंड. सोडली की आग. पुढे पुढे तर लावूनही आग. गाल सुजून लालभडक, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, वर हनुवटीला केस!

नागपूरच्या उन्हात बाहेर तोंडाला दुपट्टा बांधतातच सगळ्या. मी घरातही बांधू लागले. ह्यांनाही चेहरा दाखवेना. पदरचे पैसे देऊन तोंड जाळून घेतलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

एक दिवस कपडे वाळत घालताना दुपट्टा सुटला. कुसुमताई समोरच.

"अरे बापा! हे काय झालं वं?"

"काही नाही जी. असंच."

असंच! आमच्या गल्लीत सुजल्या तोंडाची बाई 'असंच' म्हणाली, की त्याचा एकच अर्थ होतो. नवरा मारतो.

आणि आमचे हे कसे? बुटीबोरीच्या कारखान्यातून थकून येतील, पण झुरळ दिसलं तर सुपलीत घेऊन बाहेर सोडतील. त्यांच्याशी गल्लीतली माणसं बोलेनाशी झाली. एकदा म्हणाले, "मी काही केलं काय वं? कोणी रामरामही घेत नाही मायावाला."

मला तोवर कुणकुण लागली होती. तरी मी दुपट्ट्याआडून म्हटलं, "तुम्हाले भास होऊन राहिला."

पाहण्याचा कार्यक्रम लांबत गेला होता, तोवर ती बातमी मौद्यालाही पोचली. पाहुणे आले. मुलाच्या आईने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "ताई, राग नका मानू. तुमचे मिस्टर हात उचलते म्हणे?"

हे पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त भाजलेला होता.

मी दुपट्टा सोडला. सगळं सांगितलं. वांग, ट्यूब, आग. "यांनी कधी बोटही नाही लावलं जी मले!"

बाई माझे गाल न्याहाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मारायचं काही नाही हो ताई, घरोघरी चालते. पण हे... पोरीत उतरणारं तं नसन ना?"

पोहे तसेच राहिले. पाहुणे गेले.

पल्लवीने दाराला कडी घातली. "बरं झालं, गेले," म्हणाली. हे बश्या उचलता उचलता एवढंच बोलले, "मले सांगितलं असतं तं?"

मी ती ट्यूब आणून त्यांच्यासमोर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तेच मला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी ट्यूब पाहून कपाळाला हात लावला. "यात स्टेरॉइड आहे. मनाने चेहऱ्यावर लावायचं औषध नाही हे. कातडी पातळ झाली तुमची. आता मी देईन तेवढंच लावायचं, उन्हाला जपायचं. भरून यायला महिने लागतील. आणि वांग परत दिसायला लागेल."

मी मान हलवली.

"पण मला सांगा, ते वांग दुखायचं का?"

"नाही जी."

"खाजायचं? आग व्हायची?"

"नाही."

"मग त्रास कोणाला होत होता?"

शेजारच्या खुर्चीवर हे बसलेले. खोटं बोलायची सोय नव्हती.

"कुसुमताईले," मी म्हटलं.