बी शिफ्टला पाहिलेलं कॉलेज

बारावीनंतर मला तबल्याची डिग्री करायची आहे हे मी घरात सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिने हात थांबवले नाहीत. "तबल्याची बी डिग्री असते का वो?" एवढंच तिने बाबांना विचारलं. बाबा नुकतेच प्लांटमधून आले होते. बूट काढता काढता म्हणाले, "असन तर पाहू. पाह्यल्याबिगर मी हो बी म्हनत नाई न नाई बी म्हनत नाई."

बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमधल्या एका मिलमध्ये फिटर होते. मशीन बिघडण्याआधीच ओळखणं हे त्यांचं काम. लोखंडी सळईचं एक टोक चालू मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. संगीतातलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं, पण मी रियाजाला बसले की घरात कोणाला बोलू देत नसत. आई जेवायला हाक मारायला निघाली की हातानेच अडवायचे. "चालू मशीनले हात लावू नये," म्हणायचे. आमटी पार थंड व्हायची आणि आई माझ्यावर नाही, त्यांच्यावर चिडायची.

अट साधी होती. फॉर्मच्या तारखेआधी त्यांच्या मनात भरेल असं ठिकाण सापडलं तर तबला, नाहीतर शेजारच्या दुर्गला बीकॉम. बीकॉमच्या नुसत्या नावाने मला घाम फुटायचा.

आम्ही आधी रायपूरच्या रस्त्यावरचं एक खासगी विद्यापीठ पाहिलं. काचेचं दार, थंडगार हॉल, फी विचारली की कॉफी विचारणारी एक गोड बाई. संगीत विभागात काचेच्या कपाटात तबल्यांच्या जोड्या ओळीने मांडलेल्या. बाबांनी कपाट उघडायला लावलं आणि एका तबल्याच्या पुडीवरून, वरच्या चामड्यावरून, बोट फिरवलं. पांढरीशुभ्र, मधल्या काळ्या शाईवर एक ओरखडा नाही. माझ्या तबल्याची पुडी वर्षात दोनदा बदलावी लागते हे त्यांना ठाऊक होतं, कारण पावर हाउसच्या बाजारात तबला तेच घेऊन जायचे. "मॅडम, ये बजाता कौन है?" त्यांनी विचारलं. मॅडम हसल्या आणि लॅपटॉप फुकट मिळेल म्हणाल्या. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "एवढी फी कशाची, काचेची?"

मग एक सगळ्यात स्वस्त सापडलं. घरी बसून शिकायचं, वर्षातून एकदा परीक्षेला जायचं, झालं. मला वाटलं, बाबा खूश होतील. उलट त्यांचा पारा चढला. "म्हंजे मशीन चालवाचीच नाई, फक्त लॉगबुक भराचं!" कागद त्यांनी माझ्या हातात परत कोंबला.

उरलं एक सरकारी संगीत महाविद्यालय, बसने दोन तासांवरचं. फी इतकी कमी की बाबांना तिचाच संशय आला. तरी नाईट शिफ्ट संपवून, अंघोळ करून तसेच निघाले. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. भिंतींचे पोपडे निघालेले, व्हरांडा ओस, एक शिपाईकाका झाडू मारत होते. आतून एकही आवाज नाही. बाबांनी पाच मिनिटं इकडेतिकडे पाहिलं, जांभई दिली आणि म्हणाले, "बंद मिल हाय हे. चाल."

परतीच्या बसमध्ये मला रडू येत होतं आणि रागही येत होता. तारखेला चार दिवस उरले होते. वाटेतलं अहिवारा गाव मागे पडलं तेव्हा मात्र माझ्या तोंडातून निघूनच गेलं.

"बाबा, तुमीच म्हनता ना, साहेब लोक सकाळी येते, चकाचक पाहून जाते, न मिल खरी कशी हाय ते दुपारच्या बी शिफ्टले दिसते? मंग हे कॉलेज तुमी कोनत्या शिफ्टले पाह्यलं?"

बाबा भिलाई येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत होते. घरात शिरल्यावर आईला म्हणाले, "पोरगी बरोबर बोलून राहिली. माह्यी चूक झाली." आपली चूक झाली असं बाबा कधी म्हणाल्याचं आईलाही आठवत नव्हतं. तिने मला डोळ्यानेच विचारलं, काय केलंस गं?

त्यांनी एका सोबत्याशी ड्यूटी बदलून घेतली आणि दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी दुपारचे तीन वाजले होते. फाटकातूनच आवाज ऐकू येऊ लागले. वर्ग संपवून मुलं रियाजाच्या खोल्यांत शिरली होती. एका खोलीत सतार, दुसरीत कोणीतरी सा लावून धरलेला, तिसरीत तबला. बाबा तिसऱ्या दाराशी थांबले आणि त्यांनी सरळ दाराच्या लाकडाला कान लावला. डोळे मिटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत एक मुलगी एकच तिहाई, तीनदा येणारा तोच तुकडा, वाजवत होती. शेवटी समेवर यायच्या आधी चुकायची आणि पुन्हा सुरुवात करायची. पुन्हा चुकायची, पुन्हा सुरुवात. तेवढ्यात मागून एक गुरुजी आले. "क्या चाहिए?" त्यांनी बाबांना विचारलं. बाबा ताठ उभे राहिले, साहेबांसमोर राहतात तसे. "कुछ नहीं सर, चल रहा है।"

गुरुजी गेले. बाबा माझ्याकडे वळले. "किती डाव चुकली ते पोरगी. पन बंद नाई केलं तिनं. फारम भर."

प्रवेशपरीक्षेत मी घाबरून लय जरा पळवलीच, पण घेतलं मला. हॉस्टेलवर आई यायची, लाडू आणायची. बाबा मात्र एकदाही आले नाहीत. फोनवर विचारलं की म्हणायचे, "ड्यूटी हाय." मला वाईट वाटायचं. हो बाबा, आता ठिकाण पास झालं, तुमचं काम संपलं, असं मनातल्या मनात मी त्यांना ऐकवायची.

दुसऱ्या वर्षी एकदा शिपाईकाकांनी मला थांबवलं. "बेटा, इस महीने आपके पिताजी नहीं आए? तबीयत तो ठीक है न?"

"वो तो कभी आते ही नहीं।"

काका हसले. त्यांनी माझ्या रियाजाच्या खोलीच्या खिडकीखालचा, कडुलिंबाजवळचा ओटा दाखवला. म्हणाले, दर महिन्याला येतात, त्यांच्या ड्यूटीच्या सुटीला, दुपारी तीनच्या सुमाराला. तासभर बसतात, चहा पितात आणि बस पकडतात.

मी तिथूनच फोन लावला. "बाबा, इथपर्यंत येता न मले भेटत बी नाई? कावून?"

बाबा म्हणाले, "चालू मशीनले हात लावू नये, बाई."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मंग, कसं वाजते?"

"बरं वाजते. पन मागच्या खेपेले तुह्या डाव्या हाताकडचा आवाज ढिला येत होता. पाहून घे."

डाव्या हाताच्या डग्ग्याची पुडी खरंच सैल पडून उतरली होती. महिनाभर ते ना मला कळलं होतं ना गुरुजींना. मी खोलीत गेले, हातोडीने डग्ग्याचा सूर चढवला आणि रियाजाला बसले. बसण्याआधी खिडकी तेवढी सताड उघडी केली.