चौकटीवरची तिरकी डबी

देवळात हात जोडायची लाज वाटावी, असं एकदा माझ्या हातून घडलं.

निजामाचा अंमल होता. धाराशिवला यहुद्यांची चार घरं होती, कोकणातून नोकरीसाठी आलेली. त्यांच्या जुन्या प्रार्थनाघराची चौकट वाळवीनं खाल्ली, म्हणून मला, सुताराला, बोलावलं. आत मूर्ती नव्हती. तरी येणारा प्रत्येक जण दाराच्या उजव्या खांबावरच्या पितळी डबीला बोटं लावून ती ओठांना लावी. आत काय असेल, याचं मला फार कुतूहल वाटे.

"कातड्यावर देवाचं नाव लिवलंय, मिस्त्री. आधी ती काढा, मग चौकट," शलोमकाका म्हणाले. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरून निवृत्त झालेले हे म्हातारे तिथली किल्ली सांभाळत.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत काम उरकायचं होतं, कारण शनिवारी तिथं हत्याराला हात लागत नसे. त्या घाईत मी डबी विसरलो. जुनं लाकूड सुताराचं, या रिवाजानं चौकट गाडीत घालून बेंबळीला एका भटारखान्यात सरपणाला धाडली. काकांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "तुमीच काढून ठिवली की, काका!"

त्यांनी ते खरं मानलं. ट्रंका उपसल्या. रविवारी म्हणाले, "मला आता याद ऱ्हात न्हाय. किल्ली दुसऱ्याला देतो."

त्या सकाळीच मी महादेवापुढं उभा राहिलो होतो. हात वर उचललेच गेले नव्हते. आता प्रार्थनाघराच्या ओट्यावर बसून मी काकांपाशी सगळं कबूल केलं. देवाचं नाव भट्टीत जळालं असणार, हेही सांगितलं.

तेवढ्यात एक अनोळखी बाई दाराशी आली. "मी बेंबळीच्या भटारखान्यातली. चौकट हितलीच ना? गाडीवानानं ठिकाण सांगितलं. दाराला ठोकलेला कुणाचा तरी ताईत दिसला, जाळायला हात न्हाय झाला." पदराच्या गाठीत डबी होती. ती घटकाभर आधी आली असती, तर मी कधीच खरं बोललो नसतो.

आधी ती जुनी चौकट खचून कलली असेल, असं समजून नव्या चौकटीवर डबी बसवताना मी ओळंबा काढला. काका हसले. "ठिवा तो. तिरकीच बसवायची. दोन पंडित भांडले, एक म्हणे उभी, एक म्हणे आडवी. मग दोघांचंबी थोडं थोडं ऐकलं." मंत्र म्हणत त्यांनी ती धरली, खिळे मी ठोकले.

किल्ली त्यांच्याच कमरेला राहिली. दरवर्षी मी त्या चौकटीला जवसाचं तेल द्यायला जातो. जन्मभर सगळं सरळ करत आलो. त्या तिरक्या डबीपाशी मात्र हात आपोआप जोडले जातात.