चाल ओळखणारा दिवा

जागे असणे आणि सावध असणे यांत अंतर आहे. जागा मनुष्य समोर आलेले पाहतो. सावध मनुष्य जे अद्याप आलेले नाही, त्याच्यासाठी वाट मोकळी करून ठेवतो. या दुसऱ्या गुणाला आपल्याकडे ‘अप्रमाद’ असे धीरगंभीर नाव आहे. संस्कृताने ते जपले, पालीने तर त्याला धर्माचरणाच्या गाभ्याशी बसवले. असे मोठे शब्द ग्रंथांत राहतात आणि आपण त्यांना दुरून नमस्कार करतो. परंतु कधी कधी एखादा शब्द शेजारच्या अंगणात राहायला येतो. आमच्या नंदनवन वस्तीतील कौशल्याबाई रामटेके यांच्या रूपाने तो आला होता, असे मी कृतज्ञतेने म्हणतो.

कौशल्याबाई सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्यावरही त्यांची नजर निवृत्त झाली नव्हती. समोरचा खुर्चीवरून कसा उठतो, यावरून त्या त्याची प्रकृती ताडत. त्यांचे पती मधुकरराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. पक्षाघातातून ते वाचले, परंतु डावा पाय मागे राहिला. वाचा शाबूत होती, आणि अभिमान तर पूर्वीपेक्षा अधिक शाबूत होता.

त्या अभिमानाचे एकच स्थान उरले होते. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली एक बाक आहे. दिवेलागणीनंतर तेथे आम्हा वृद्धांची बैठक भरते. घराच्या ओट्यावरून पायऱ्या उतरून, अंगण ओलांडून, फाटक उघडून मधुकररावांना तेथे एकट्याने यायचे असे. कौशल्याबाईंनी हात धरलेला चालत नसे. त्यांनी पुढे होऊन दिवा दाखवायचे म्हटले, तेव्हा ते म्हणाले होते, “मी काय नवरदेव आहो, का माह्यापुढं बत्त्या धरून चालावं?” अंगणात दिवा सतत जळत ठेवावा, तर जन्मभर वीज खात्यात काढलेल्या या गृहस्थाला माणसाविना जळणारा दिवा पाहवत नसे, जाता-येता ते तो मालवत आणि परतताना अंधारात चाचपडत.

म्हणून कौशल्याबाईंनी माणसाची चाहूल लागताच पेटणारा सेन्सरचा दिवा आणून ओट्याच्या छपराखाली बसवला. हिवाळाभर त्याने चोख काम केले. मधुकरराव दारात आले की अंगण उजळे, ते गेले की मावळे. त्यांना तो फार आवडला. आपल्या खात्यातल्या कित्येकांपेक्षा हा बरा, बोलवावे लागत नाही, असे ते बाकावर सांगत.

वैशाख आला. आमच्या वैशाखात सूर्य मावळला तरी उन्ह मावळत नाही. भिंती आणि फरशा रात्रीपर्यंत धगधगत असतात. अशा एका सायंकाळी मधुकरराव दिव्याच्या भरवशावर उतरले आणि दिवा लागला नाही. ते पायरी चुकून गुडघ्यांवर पडले. हाड मोडले नाही, परंतु दुसऱ्या दिवसापासून बाकावरची त्यांची जागा रिकामी राहिली. कौशल्याबाईंनी विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “दिवाही आता मले माणसात धरत नाही.”

हे वाक्य कौशल्याबाईंना जखमेपेक्षा खोल गेले. पडण्याचा व्रण भरतो. बाहेर न पडण्याचा भरत नाही, हे त्यांनी रुग्णालयात पुष्कळ पाहिले होते. त्या दिवा घेऊन ऋषिकेशच्या विजेच्या दुकानात गेल्या. तो भला तरुण. त्याने समजावून सांगितले की या जातीचा सेन्सर अंगाची उष्णता पाहतो. भोवतालापेक्षा निराळी उष्णता हलली की त्याला माणूस कळतो. आपल्या उन्हाळ्यात भिंत आणि माणूस सारखेच तापतात, मग त्याने ओळखावे कोणाला? अदृश्य लहरी फेकून हालचाल टिपणारी दुसरी जात त्याच्याकडे होती. तिला उष्णतेशी कर्तव्य नव्हते. त्याने एक नमुना टेबलावर लावला आणि समोर हात हलवला. दिवा पेटला.

कौशल्याबाई म्हणाल्या, “बाबू, आमच्या घरी कोणी हात हलवत जात नाही.” आणि भरल्या दुकानात त्या पाय ओढत चालून पाहू लागल्या. गिऱ्हाइके हसली. ऋषिकेश हसला नाही. त्याने तो दिवा त्यांना परीक्षेसाठी घरी नेऊ दिला.

नवा दिवा आधी फारच उत्साही निघाला. कढीपत्त्याची फांदी हलली तरी पेटे, फाटकाबाहेरून सायकल गेली तरी पेटे. कौशल्याबाईंनी फांदी छाटली आणि सेन्सरचा पल्ला फाटकाच्या आत येईल इतका आवळला. आता खरा प्रश्न उरला: इतका आवळल्यावर त्याला सावकाश चालणारा मनुष्य कळेल काय? ऐन तापलेल्या तिन्हीसांजेला त्या मधुकररावांसारखी काठी घेऊन दारात उभ्या राहिल्या, डावा पाय जड केला आणि उतरू लागल्या. मी कुंपणापलीकडे झाडांना पाणी घालत होतो. त्या खांदा झुकवून पुन्हा पुन्हा उतरत होत्या. मधल्या पायरीवर मधुकरराव श्वासासाठी थांबत, म्हणून त्याही तेथे निश्चल थांबत. आणि त्या थांबल्या की दिवा, मनुष्य गेला असे समजून, विझे. त्यांनी दिवा जळत राहण्याचा अवधी वाढवला आणि पुन्हा उतरल्या.

खिडकीचा पडदा सरकला. मधुकररावांनी बहुधा बराच वेळ पाहिले असावे. त्यांनी आतूनच विचारले.

“माही नक्कल करून राहिली काय वं?”

कौशल्याबाई काठी टेकून उभ्या राहिल्या. त्या गोंधळल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

“नाही जी,” त्या म्हणाल्या. “दिव्याले तुमची चाल शिकवून राहिली. माह्या चालीवर लागला त काय कामाचा?”

मग आतून काठीचा आवाज आला आणि मधुकरराव, पडल्यानंतर प्रथमच, दारात येऊन उभे राहिले.

“मंग बरोबर त शिकव,” ते म्हणाले. “मी पाय असा फेकत नाही. हट बाजूले.”

ते उतरले. पहिल्या पायरीवर पाय पडण्यापूर्वीच अंगण उजळले. मधल्या पायरीवर ते थांबले, सवयीपेक्षा थोडे अधिकच. दिव्याची परीक्षा घ्यावी तसे. दिवा तेवत राहिला. मग ते अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेले आणि मला म्हणाले, बाकावर माझ्या जागी कोणी बसला असेल तर त्याला उठवून ठेवा. कौशल्याबाई मागे ओट्यावरच थांबल्या. सोबत यायचा मोह त्यांनी आवरला, हे मला त्यांच्या पदर मुठीत धरण्यावरून कळले.

पुढे गल्लीत कोणाला असा दिवा घ्यायचा झाला की लोक त्यांना बोलावू लागले. त्या दिव्याची किंमत किंवा नाव आधी विचारत नसत. या वाटेने जो जातो, त्याला चालून दाखवू द्या, असे म्हणत. गल्लीतल्या प्रयागबाईंच्या वाकलेल्या कमरेसाठी त्यांनी सेन्सर खाली बसवून घेतला. आमच्या मागील दारी जो आहे, तो माझ्या पत्नीच्या चालीचा आहे. त्याच्या उजेडात ती आजवर निर्धास्त उतरली आहे, आणि त्याचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही.

कौशल्याबाई मागील माघात अल्पशा आजाराने गेल्या. मधुकरराव आहेत. दिवेलागणीनंतर ते एकटे पायऱ्या उतरतात आणि बाकावर येऊन बसतात.