पुणे कॅम्पातला घोडेस्वार

राजाच्या वाढदिवसाला हेगमध्ये लोक घरातल्या जुन्या वस्तू फूटपाथवर विकायला मांडतात. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंकडून मी लाकडी फ्रेम घेतली. आत घोड्याचा लगाम धरून उभा असलेला एक गोरा सैनिक होता. "फोटो टाकून दे," बाई म्हणाल्या. "आईच्या सामानात होता. कोण आहे कुणास ठाऊक."

घरी फोटो काढला, तर मागे स्टुडिओचा शिक्का: पूना कॅम्प. मी पुण्याची. फोटो फेकायला हात धजेना. दुसऱ्या दिवशी तो घेऊन बाईंचं दार वाजवलं. शिक्का पाहून त्याही चक्रावल्या आणि मला वृद्धाश्रमात आपल्या आईकडे घेऊन गेल्या.

आजी नव्वदीच्या. नजर जवळजवळ गेलेली. फोटोवरून बोटं फिरवत त्यांनी विचारलं, "घोड्याच्या कपाळावर पांढरा पट्टा आहे?"

"आहे."

"मग हे माझे वडील."

आपले आजोबा इंग्रज होते एवढंच बाईंना माहीत होतं. बाईंच्या जन्माआधीच ते वारले होते. आजी हळूहळू सांगू लागल्या. पुण्याहून परतल्यावर ते पहिल्या महायुद्धात गेले आणि सुरुवातीलाच जर्मनांच्या हाती सापडले. कैदेत तब्येत ढासळली, तेव्हा इतर आजारी कैद्यांबरोबर त्यांना तटस्थ हॉलंडमध्ये, इथल्या समुद्रकाठी आणून ठेवलं. तिथे कपडे धुवायला येणाऱ्या मुलीशी त्यांचं जमलं. युद्ध संपल्यावर सोबती मायदेशी गेले, हे राहिले. घोडागाडीवरून घरोघर दूध घालत आयुष्य काढलं.

माझ्या गावात तो राज्यकर्त्यांचा शिपाई म्हणून राहिला होता. त्याच्याबद्दल मला नेमकं काय वाटावं, तेच कळेना.

"उतारावर घोड्याला ते 'हालू, हालू' म्हणायचे," आजी म्हणाल्या. "इंग्रजीत त्याचा अर्थ काय, ते कुणालाच सांगता आलं नाही."

"इंग्रजी नाही ते," मी म्हणाले. " मराठी आहे. हळू. म्हणजे सावकाश. माझी भाषा."

बाईंनी फोटो आजींच्या मांडीवर ठेवला. मग त्यांनी माझा हात धरला. "त्या भाषेत अजून काहीतरी बोल ना."

ऐन वेळी काही सुचेना. शेवटी सकाळी पोहे कसे केले, ते मी त्यांना मराठीत सांगत बसले. डोळे मिटून त्या ऐकत राहिल्या.