भातुकलीतली आई

माझी भूक अशी, की मी पंगतीला बसलो की आचारी देवाला नारळ बोलतात! परवा शेजारच्या बांधकामावर मजुरांच्या दोन पोरी ओल्या वाळूच्या भाकऱ्या थापून भातुकली खेळत होत्या. मीही फतकल मारली.

"वाढ गं, नाहीतर ही इमारतच खातो!"

"दम धरा ओ काका, पाव्हणे ना तुम्ही?" म्हणत मोठीनं मला वाढलं, मग धाकटीला. परात रिकामी झाली, तशी तिनं हात झटकले.

"आणि तुला?"

"मी आई झालेय ना! आईला कुठं भूक असती?"

मी हबकलोच. बाजूला वाळूचा डोंगर होता. साऱ्या जगाला पुरतील एवढ्या भाकऱ्या झाल्या असत्या त्यातून. तरी खेळातसुद्धा तिनं स्वतःसाठी एक थापली नव्हती.